न्यायमंदिराचा जीर्णोद्धार

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाडच्या पुढें आंबिवलीचें स्टेशन लागतें. त्याच्या जवळ, उल्हास नदीच्या काठीं मोहने गांव वसलेलें आहे. गांव म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. आज तें कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. मोहन्याच्या रहिवाशावर जमिनीच्या वांटणीचा किंवा वहिवाटीचा दावा लढण्याची पाळी आली, तर त्याची पहिली पायरी कल्याणचें न्यायालय, दुसरी ठाण्याचें जिल्हा न्यायालय, आणि तेथेंहि समाधान झालें नाहीं, तर तिसरी पायरी मुंबईचें उच्च न्यायालय. २००९ सालीं येथील रेयॉनचा मोठा कारखाना बंद पडला, आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न पुढें वर्षानुवर्षें न्यायालयें व न्यायाधिकरणें यांच्या दारीं पडून राहिला. अशा गांवच्या माणसास न्यायालय ही पुस्तकांतली कल्पना नसते. ती एक इमारत असते. तिच्या पायऱ्या चढाव्या लागतात, तिच्या बांकांवर ताटकळावें लागतें, आणि तिच्या छताखालीं उच्चारलेला शब्द कानीं पडला तर पडतो, न पडला तर वकिलास विचारावा लागतो.

म्हणूनच जुन्या न्यायालयाची इमारत कशी दुरुस्त करावी, तींत नव्या सोयी कशा आणाव्या आणि तिचें मूळचें रूप कसें राखावें, हा प्रश्न केवळ स्थापत्यविशारदांचा नाहीं. तो दाराबाहेर वाट पाहणाऱ्या पक्षकाराचाहि आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या वास्तूचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या प्रश्नाचीं दोन्ही अंगें स्पष्ट दिसूं लागतात.

हें न्यायालय त्याच्या आजच्या इमारतीपेक्षां वयानें वडील आहे. १८६१ च्या कायद्यान्वयें मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें उच्च न्यायालयें स्थापण्याचें ठरलें, आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयाचें काम सुरू झालें. तोंपर्यंत मुंबई इलाख्यांत न्यायाचे दोन वेगळे प्रवाह होते. शहरासाठीं राजाच्या सनदेनें निर्माण झालेलें सुप्रीम कोर्ट होतें, तर बाहेरच्या मुलखासाठीं कंपनीच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती होत्या. ठाणें जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याचें अपील एका दारीं आणि मुंबईच्या व्यापाऱ्याचा दावा दुसऱ्या दारीं, अशी ती व्यवस्था होती. १८६२ सालीं हीं दोन्ही दारें एक झालीं. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. नव्या न्यायालयास स्वतःची वास्तु मात्र मिळाली नव्हती. जुन्या किल्ल्यांतील अपोलो स्ट्रीटवरच्या इमारतींतच त्याचा कारभार चालत असे.

त्याच सुमारास मुंबईचें रूप पालटत होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस अडला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचा जुना तट पाडण्यांत आला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर समुद्राकडे तोंड केलेल्या सार्वजनिक इमारतींची एक रांगच उभी राहिली. सचिवालय, विद्यापीठाचें दीक्षान्त सभागृह, राजाबाई मनोरा आणि उच्च न्यायालय ह्या सर्व त्या एकाच रांगेतल्या भगिनी होत. त्यांच्या पश्चिमेस ओव्हल मैदान पसरलेलें आहे. त्या वेळीं मैदानापलीकडे समुद्र होता, आणि त्याचा वारा सरळ खिडक्यांतून आंत येत असे.

उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर ह्या लष्करी अभियंत्यानें योजिली. एप्रिल १८७१ मध्यें काम सुरू झालें, नोव्हेंबर १८७८ मध्यें तें पुरें झालें, आणि जानेवारी १८७९ पासून न्यायमूर्ति तेथें बसूं लागले. इमारतीची लांबी ५६२ फूट व रुंदी १८७ फूट असून मधला मनोरा पावणेदोनशें फुटांहून उंच आहे. घडण गॉथिक धर्तीची आहे. टोंकदार कमानी, उतरतीं छपरें, लांब ओसऱ्या आणि दर्शनी भागास काळसर निळा बसाल्ट. ह्या कामासाठीं १६,४७,१९६ रुपये मंजूर झाले होते. प्रत्यक्षांत १६,४४,५२८ रुपये लागले. म्हणजे २,६६८ रुपये शिल्लक उरले. सरकारी बांधकामाच्या इतिहासांत हा आंकडा आजहि कौतुकानें सांगितला जातो.

ह्या वास्तूंत शोभा पुष्कळ आहे. पण ती सगळी शोभेसाठीं नाहीं. पश्चिमेकडील दोन अष्टकोनी मनोऱ्यांत न्यायमूर्तींचे खासगी जिने आहेत. न्याय देणाराची आणि न्याय मागणाराची वाट एक होऊं नये, पक्षकाराशीं जिन्यावर दोन शब्द बोलण्याचा प्रसंगहि न्यायमूर्तीवर येऊं नये, हा विचार तेथें दगडांत बांधला आहे. त्याच मनोऱ्यांवर न्याय आणि दया ह्यांच्या मूर्ति उभ्या केल्या आहेत. लांब ओसऱ्यांमुळें आंतल्या भिंतींवर थेट ऊन येत नाहीं. उंच छतांमुळें उष्ण हवा वर राहते. समोरासमोरच्या दारांनीं वारा खेळतो. विजेचा पंखा मुंबईस ठाऊक नव्हता, त्या काळांतील ही सोय होय. वास्तूचें खरें रूप तिच्या नक्षीइतकेंच ह्या योजनेंत सांठलेलें असतें.

नक्षीची गंमतहि थोडी नाहीं. खांबांच्या व भिंतींच्या कोरीव कामांत गळ्यापाशीं वकिली पट्ट्या लावलेला कोल्हा आहे, आणि हातांत तराजू धरलेलें एका डोळ्याचें माकडहि आहे. बांधकामाच्या एका मक्तेदाराचा ह्याच न्यायालयांत दावा फसला आणि त्यानें असा सूड उगविला, अशी आख्यायिका सांगतात. खरेंखोटें कांहींहि असो, ज्या न्यायालयानें आपल्याच भिंतीवरची ही थट्टा शतकाहून अधिक काळ खपवून घेतली, त्याच्या स्वभावाविषयीं ती कांहीं चांगलें सांगून जाते. उद्यां एखाद्या अतिउत्साही दुरुस्तीकारानें हीं शिल्पें घासून गुळगुळीत केलीं, तर इमारतीचा एकहि दगड ढळणार नाहीं. तरी तिच्या मुद्रेवरचें हसूं मात्र पुसलें जाईल.

आणि हसूं तेवढेंच तेथें नाहीं. जुलै १९०८ मध्यें ह्याच इमारतींत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ति दिनशा दावर न्यायासनावर होते. अकरा वर्षांपूर्वीं, १८९७ च्या खटल्याच्या वेळीं, ह्याच दावरांनीं वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठीं बाजू मांडली होती, आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांनीं तो जामीन दिला होता. २२ जुलैच्या रात्रीं पंचांचा निकाल सात विरुद्ध दोन असा पडला. त्यानंतर मनुष्याच्या न्यायासनाहून श्रेष्ठ अशा एका शक्तीचा हवाला देऊन टिळकांनीं आपलें अखेरचें म्हणणें मांडलें, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ऐकली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगांवांतील कामगारांनीं संप सुरू केला, तो सहा दिवस चालला.

ठाणें जिल्ह्याचा ह्या वास्तूशीं असलेला आणखी एक धागा १९१० सालचा आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांना मुंबईच्या उच्च न्यायालयांत मृत्युदंड सांगण्यांत आला आणि १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्याची अंमलबजावणी झाली. तो तुरुंग म्हणजेहि एक जुनी वास्तु. पोर्तुगीजांनीं आरंभिलेला, १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतलेला ठाण्याचा किल्लाच तो. त्याच वर्षाच्या अखेरीस विनायक दामोदर सावरकर ह्यांनाहि मुंबईच्याच उच्च न्यायालयांत जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

स्वातंत्र्यानंतर, १९५६ सालीं, मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छागला ह्यांनीं टिळकांचा खटला जेथें चालला त्या मध्यवर्ती न्यायदालनापाशीं टिळकांच्या उद्गारांची शिला बसविली. एका न्यायालयानें आपल्याच जुन्या निकालाविरुद्ध आपल्याच भिंतीवर साक्ष कोरून ठेवावी, ही गोष्ट साधी नव्हे. त्या शिलेस अर्थ आहे तो ती मूळ जागीं आहे म्हणून. दालन दुसरीकडे हलवून, किंवा त्याचें जुनें रूप मोडून, शिला तेवढी जपली, तर तिचें वजन निम्मेंहि उरणार नाहीं.

वास्तूचें महत्त्व जगानेंहि मान्य केलें आहे. १९९५ सालीं मुंबईंत वारसा-वास्तूंच्या संरक्षणाचे नियम लागू झाले; अशा नियमांचा मान भारतांत प्रथम ह्याच शहरास मिळाला. पुढें ३० जून २०१८ रोजीं ओव्हल मैदानाभोंवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा-यादींत दाखल झाला. उच्च न्यायालय त्या समूहाचें एक प्रमुख अंग आहे.

परंतु मानपत्रानें जागा वाढत नाहीं. १८६२ सालीं सात न्यायमूर्तींनिशीं सुरू झालेल्या ह्या न्यायालयाची मंजूर न्यायमूर्तिसंख्या आज ९४ आहे. नागपूर, औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) आणि गोवा येथील पीठें वगळलीं, तरी मुंबईंत बसणाऱ्या न्यायमूर्तींस, त्यांच्या कचेऱ्यांस, वकिलांस आणि वाढत जाणाऱ्या कागदपत्रांस फुलरची इमारत अपुरी पडावी, ह्यांत नवल नाहीं. मागील बाजूस जोडइमारत उभी राहिली. तरीहि अडचण पुरती मिटली नाहीं.

जुन्या वास्तूची हानि बहुधा एका मोठ्या घावानें होत नाहीं. ती लहान सोयींच्या ओघानें होते. ओसरीचा एक भाग लांकडी फळ्यांनीं अडवून खोली केली कीं वारा बंद पडतो. वारा बंद पडला कीं शीतयंत्र लागतें. तें बसविण्यास कमानींतली कांच फोडावी लागते, आणि त्याचें पाणी भिंतीवर ठिबकूं लागतें. मग ओल आली म्हणून भिंतीस सिमेंटचा गिलावा देतात. आणि खरें संकट तेथेंच सुरू होतें. जुनी भिंत दगड व चुना ह्यांची असते. चुना श्वास घेतो. आंत शिरलेला ओलावा तो हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट बंद करतें. कोंडलेली ओल क्षार घेऊन दगडाच्या पृष्ठभागाकडे धांवते आणि नरम दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. दगडांत बसविलेल्या लोखंडी पट्ट्या गंजल्या कीं त्या फुगतात व आपल्याच दगडास चीर पाडतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेंत आणि मुंबईच्या पावसांत ह्या सर्व क्रिया अधिकच जोमानें चालतात.

म्हणून जीर्णोद्धाराचा पहिला नियम असा कीं, रोगाचें मूळ शोधल्यावांचून औषध देऊं नये. आधीं छपराची गळती व पन्हळी दुरुस्त कराव्या, मग भिंतीकडे वळावें. चुन्याचें काम चुन्यानेंच करावें. नवीन तारा व नळ घालावयाचे ते मूळ दगडास भोक न पाडतां, जुन्या पोकळ्यांतून किंवा उघड्या पट्टींतून न्यावे, म्हणजे पुढच्या पिढीस ते काढून टाकतां येतील. नवें काम जुन्याशीं विसंगत नसावें, पण जुनें म्हणून खपेल असें नकलीहि नसावें. हें सर्व ह्याच रांगेंत साध्य झालेलें आहे. शेजारच्या राजाबाई मनोऱ्याचें व विद्यापीठ-ग्रंथालयाचें जतनकार्य अशाच काळजीनें झालें, आणि २०१८ सालीं युनेस्कोनें आशिया-प्रशांत विभागाच्या पारितोषिकांत त्याची दखल घेतली.

पण ग्रंथालय आणि न्यायालय ह्यांत एक भेद आहे. ग्रंथालयांत शांतता पुरते; न्यायालयांत शब्द ऐकूं यावा लागतो. उंच छताच्या दगडी दालनांत शब्द घुमतो, आणि त्यांत पंख्यांची घरघर व बाहेरच्या वाहनांचा गोंगाट मिसळला कीं मागच्या बांकावरील पक्षकारास आपल्याच प्राक्तनाची वार्ता ऐकूं येत नाहीं. खुल्या न्यायालयांत खटला चालावा ह्या तत्त्वाचा अर्थ दार उघडें असणें एवढाच नव्हे. दारांतून आंत आलेल्या माणसास कळावें, हाहि त्याचा अर्थ आहे. तेव्हां ध्वनिवर्धक, पडदे, अपंगांसाठीं उतरणी व उद्वाहक ह्या नव्या वस्तूंनीं जुन्या वास्तूचा धर्म बुडत नाहीं, उलट तो पाळला जातो. २०२० च्या महामारींत न्यायालयांचें दूरदृश्य कामकाज सुरू झालें, तेव्हां दूरवरच्या पक्षकारास दगडी भिंतीपलीकडूनहि सुनावणीस हजर राहतां येतें, हें सिद्ध झालें. कर्नल फुलरनें प्रकाश व वारा आंत आणण्यासाठीं जें केलें, तेंच आज शब्द बाहेर पोंचविण्यासाठीं करावयाचें आहे.

ह्या बाबतींत लंडनचें एक उदाहरण विचार करण्यासारखें आहे. तेथें १९१३ सालीं पुरी झालेली मिडलसेक्स गिल्डहॉल ही इमारत २००९ सालीं ब्रिटनच्या नव्या सर्वोच्च न्यायालयासाठीं सज्ज करण्यांत आली. जुन्या दालनांतील उंच न्यायासनें व कोरीव लांकडी बैठका काढण्यावरून वारसाप्रेमींनीं मोठा विरोध केला. अखेर न्यायमूर्तींचीं आसनें वकिलांच्या पातळीवर आलीं. न्यायालयाचा स्वभाव बदलला म्हणून दालनाचें रूप बदललें, कीं दालनाचें रूप बदलून कांहीं अनमोल गमावलें, ह्यावर दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. एवढें मात्र खरें कीं, तेथें निदान न्यायालयाच्या इमारतींत न्यायालयच राहिलें.

घरच्याच कोल्हापुरानें अलीकडे दिलेलें उदाहरण अधिक बोलकें आहे. दक्षिण महाराष्ट्रासाठीं उच्च न्यायालयाचें पीठ मिळावें म्हणून तेथील वकिलांनीं व नागरिकांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ चळवळ केली. १७ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या हस्तें कोल्हापूरच्या फिरत्या पीठाचें उद्घाटन झालें, आणि दुसऱ्या दिवशीं कामकाज सुरू झालें. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेंत आले. त्यासाठीं नवा प्रासाद बांधण्याची वाट पाहिली गेली नाहीं. छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयासमोर जिल्हा न्यायालयाची जुनी इमारत होती. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याच्या नव्या संकुलांत गेलें होतें. ती दुरुस्त करून, नव्या सोयींनीं युक्त करून, पीठासाठीं वापरांत आणली गेली. ओस पडूं लागलेल्या देवळांत पुन्हां घंटा वाजावी, तसें हें झालें.

मुंबईंत प्रवाह उलट्या दिशेनें वाहत आहे. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उच्च न्यायालयाच्या वारसा-इमारतीचा व जादा जमिनीचा प्रश्न स्वतःहून हातीं घेतला. त्यानंतर वांद्रे पूर्व येथें नव्या संकुलासाठीं सप्टेंबर २०२४ मध्यें भूमिपूजन झालें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें कोनशिला बसली. नव्या संकुलाची गरज कोणासहि नाकारतां येणार नाहीं. मोहन्याहून, पालघरहून, रायगडहून येणाऱ्या माणसास बसावयास जागा नसेल, तर गॉथिक कमानींचें सौंदर्य त्याच्या काय कामाचें? परंतु नवें घर बांधलें म्हणून जुन्या घराचा दिवा मालवावा काय, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्रांत देवळांचे जीर्णोद्धार कांहीं थोडे झालेले नाहींत. त्यांचा एक जुना दंडक आहे. गाभाऱ्याचें काम निघालें तर देवास तात्पुरत्या जागीं बसवावें, पण पूजा एक दिवसहि खंडूं देऊं नये; आणि काम पुरें होतांच देव पुन्हां गाभाऱ्यांत आणावा. कळस नवा होतो, फरशी नवी होते, क्वचित् सभामंडपहि नवा होतो. देऊळ जुनेंच राहतें, कारण पूजा अखंड राहते. न्यायमंदिरासहि हाच दंडक लागू आहे. ह्या इमारतींत २०१५ सालीं संग्रहालय उघडलें, २०२१ पासून नागरिकांस माहितगारासह वास्तु पाहण्याची सोय झाली. ह्या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण जेथें कोणाचाहि दावा उरला नाहीं, ती इमारत प्रेक्षणीय होते, न्यायालय राहत नाहीं. कांहीं न्यायदालनें, निदान टिळकांच्या खटल्याचें तें मध्यवर्ती दालन, चालतें ठेवणें हाच त्या वास्तूचा खरा जीर्णोद्धार ठरेल.

मोहन्याचा माणूस पहाटेची लोकल धरून येईल, कमानीखालून आंत शिरेल आणि मागच्या बांकावर बसेल. कोल्ह्यामाकडांकडे त्याचें लक्ष जाईल न जाईल. त्याचें नांव पुकारलें गेलें तें त्यास स्पष्ट ऐकूं आलें, आणि ज्यानें पुकारलें तो त्यास समोर दिसला, तर फुलरची इमारत अजून उभी आहे असें समजावें.